जवळ्याचा खोका

थळमध्ये मला लोक ओळखतात ते माझ्या ट्रकमुळे आणि माझ्या तोंडामुळे. ट्रक आता पुतण्या बघतो. तोंड मात्र अजून माझ्या ताब्यात आहे, असं मला वाटतं. माझ्या बायकोचं, सखुबाईचं, मत वेगळं आहे. ते ती कुणी न विचारताच सगळ्यांना सांगते, म्हणून मी इथे सांगत नाही.

आमची लेक प्राप्ती जर्मनीत नर्स आहे. जाताना तिने तिचा कुत्रा आमच्या गळ्यात टाकला. किनाऱ्यावर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घातला होता, त्या पसाऱ्यात तिला तो सापडला होता. एवढासा होता, रंगही तसाच गुलाबट, म्हणून नाव ठेवलं जवळा. पुढे त्याने अंग असं धरलं की मी "जवळ्या" म्हणून हाक मारली की पाहुणे खाली पिल्लू शोधायचे आणि समोरून हे धूड यायचं.

कुत्रा अंगणातच राहील, उंबरठा ओलांडणार नाही, असं मी पहिल्या दिवशी ठणकावून सांगितलं होतं. पावसाची सर आली आणि मीच त्याला उचलून ओटीवर आणला. तिथून तो माजघरात आला, माजघरातून माझ्या खाटेखाली. आता सकाळी बंदरावर जायचं तर आम्ही दोघं. चहाबरोबर बटर खायचं तर अर्धा त्याचा. ट्रक माझ्याकडे होते तेव्हा माझ्यामागे दहा माणसं फिरायची. आता हा एकटा फिरतो, पण मनापासून फिरतो. माझा त्याच्यावर फार जीव आहे. हे मी गावात कबूल करत नाही.

उन्हाळ्यात प्राप्तीचा फोन आला. "बाबा, गणपतीला येतेय. जाताना जवळ्याला घेऊन जाते."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

"इथे संध्याकाळी घरी आलं की दारात चावी फिरवल्याचा आवाज येतो," ती म्हणाली. "त्यानंतर सकाळपर्यंत कसलाच आवाज नाही, बाबा."

यावर नाही कसं म्हणायचं? ती पुढे म्हणाली की विमानात कुत्रा खोक्यातून न्यावा लागतो, आणि त्या खोक्याची त्याला आधीपासून सवय हवी. "आत शांत बसला तरच नेईन. घाबरत असेल तर नाही नेणार. त्याला त्रास देऊन नाही."

मला एकदम बरं वाटलं. जो कुत्रा साध्या रिक्षात बसायचं म्हटलं की चारी पाय फाकवून रस्त्याला चिकटतो, तो खोक्यात काय बसणार! म्हणून मी मोठ्या मनाने म्हणालो, "तू काळजी करू नको. मी करतो त्याला तयार." बापाचा मोठेपणाही राहिला आणि कुत्राही राहिला, असा माझा हिशेब.

सामान मागवायचं काम शब्बीरला सांगितलं. शब्बीर माझा शाळेपासूनचा दोस्त, मासळीचा व्यापारी. मी त्याला म्हटलं, "कुत्र्यासाठी क्रेट पाहिजे. मोठी." संध्याकाळी तो टेम्पोतून मासळीची निळी क्रेट घेऊन हजर. आमच्याकडे क्रेट म्हणजे तीच, दुसरी कुठली? तिला मांदेलीचा असा वास की जवळ्या उडी मारून आत बसला आणि तळ चाटायला लागला.

"घे, झाली ट्रेनिंग," शब्बीर म्हणाला.

मग प्राप्तीनेच ऑनलाइन खरा खोका पाठवला. राखाडी प्लॅस्टिकचा, वर छप्पर, पुढे जाळीचं दार. आत कुत्रा उभा राहिला पाहिजे, गोल फिरला पाहिजे, पाय पसरून झोपला पाहिजे. जवळ्याने लांबून मान लांब करून एकदा हुंगलं आणि जाऊन माझ्या खाटेखाली बसला. मी लगेच प्राप्तीला व्हिडिओवर दाखवलं. "बघ गो. जातच नाय."

ती हसली, पण लगेच तिने खाली बघितलं. "राहू दे, बाबा. नसेल जमत तर नको."

त्या दिवशी दुपारी मला छान झोप लागली, इतका मी निर्दय माणूस.

पण ही गोष्ट बंदरावर सांगताना मी जरा जास्तच रंगवली, आणि शब्बीर म्हणाला, "चांगदेव, जिंदगीभर ट्रकमध्ये सगळ्या जगाचा माल भरलास. एक कुत्रा खोक्यात नाय भरता येत तुला? उमर झाली तुझी."

झालं. मिठाच्या गोणींवर टेकून बसलेले सगळे हसले. मी उठून म्हणालो, "गणपतीच्या आत तो आपल्या पायांनी आत जाऊन झोपतो का नाय बघ!"

हे बोलून मी घरी निघालो आणि अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की मी काय बोलून बसलोय. पण शब्द गेला तो गेला. चारचौघांत बोललेलं मागे घेणं मला आजवर जमलेलं नाही.

आधी अंथरुणाची तयारी केली. गादीवाल्याकडून खास मापाची गादी भरून घेतली. त्याने मायेने इतका कापूस भरला की जवळ्याचं डोकं छपराला लागायला लागलं. मग ऑनलाइन फोमची गादी मागवली, म्हाताऱ्या कुत्र्यांच्या हाडांना आराम देणारी. जवळ्या तिच्यावर चढलाच नाही. मी सहज टेकून बघितलं. ट्रकने माझ्या कमरेची जी वाट लावली होती, तिला त्या गादीवर असा आराम मिळाला की तेव्हापासून दुपारी मी तिच्यावरच झोपतो. शेवटी सखुबाईने आपलं जुनं लुगडं चौपदरी घडी घालून आत टाकलं आणि चुलीकडे गेली. जवळ्याने त्यावर हनुवटी टेकवली. धड मात्र बाहेरच.

मोबाइलवर कुत्रे शिकवायच्या व्हिडिओत एक बाई सांगत होती की आत भीतीचं काही नाही, हे कुत्र्याला पटलं पाहिजे. मला वाटलं, आपणच आत जाऊन दाखवू. डोकं गेलं, खांदे गेले, आणि पोटापाशी गाडी अडकली. पुढे जाईना, मागे येईना. जवळ्याला वाटलं मी खेळतोय. तो उघड्या तळपायांना चाटायला लागला. मी आत गुदगुल्यांनी हसतोय आणि मदतीला ओरडतोय, आणि नेमका तेव्हाच शब्बीर आला.

"भाभी," त्याचा आवाज आला, "यालाच जर्मनीला पाठवतायत काय?"

"पाठवला असता," सखुबाई म्हणाली, "पन तिकरनं परत पाठवतील."

दोघांनी एकेक पाय धरून मला ओढून काढलं.

मग शब्दाचा प्रश्न आला. कुत्र्याला आत घालताना रोज एकच शब्द वापरायचा, असं ती बाई सांगायची. मी आपलं "जा" म्हणायला लागलो. हातात बोंबलाचा तुकडा, आत टाकायचा आणि म्हणायचं, "जा!" दुसऱ्यांदा म्हणतोय तोच सखुबाई झारा घेऊन बाहेर.

"जा बोलतंव? लाज हाय काय? या खोक्यातून लेकरू परमुलखात जायचा हाय. घरातून निघनाऱ्याला कोन जा बोलतो?"

तिचं खरं होतं. आमच्याकडे घरातून निघणारा "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. घरचे "जाऊन ये" म्हणतात. प्राप्ती पहिल्यांदा निघाली तेव्हा विमानतळावर घाईत "जाते गं" म्हणाली, तर सखुबाईने तिला तिथल्या तिथे "येते" म्हणायला लावलं आणि मगच सोडलं.

"मग काय बोलू?"

"ये बोला. जाऊन ये मंजे ये."

कुत्र्याला बोलवायला आम्ही "यू, यू" करायचो, नाहीतर नावाने हाक. "ये" मोकळाच होता. तर असं ठरलं. बोंबील आत टाकायचा, "ये" म्हणायचं, आणि कुत्रा आपल्यापासून लांब जाणार. दुनिया ज्या शब्दाने जवळ बोलावते, त्या शब्दाने आम्ही त्याला लांब पाठवायला शिकवलं. तेव्हा मला यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट लुगड्याच्या वासाने आणि बोंबलाच्या लोभाने तो भराभर शिकला आणि मी गावभर मिरवलो.

तो शिकला म्हणजे फारच शिकला. शेजारीण दारात आली आणि सखुबाई "ये गो, बस" म्हणाली की जवळ्या उठून खोक्यात. शब्बीरला मी "ये रे" म्हणालो की जवळ्या खोक्यात. शब्बीर तर मुद्दाम रस्त्यावरून "ये, ये" ओरडत जायचा आणि आमचा कुत्रा दिवसभर आतबाहेर करून दमून जायचा. शेवटी घरात तो शब्दच बंद केला. आल्या-गेल्याला आम्ही नुसतं "बसा" म्हणायला लागलो. गावात बातमी झाली की चांगदेवच्या घरात हल्ली कुणी ये म्हणत नाही, माज आलाय.

गणपतीच्या आधी प्राप्ती आली. जवळ्याने तिला बघून अंगण डोक्यावर घेतलं. मी छाती पुढे काढून बंदरावरच्या सगळ्यांना बोलावून घेतलं, खोक्याचं दार उघडलं आणि म्हणालो, "ये." जवळ्या आत गेला, गोल फिरला, लुगड्यावर पसरला आणि चक्क जांभई दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्राप्ती माझ्या गळ्यात पडली. "बाबा, मला वाटलं होतं तुम्ही मुद्दाम शिकवणार नाही."

"काहीतरीच तुझं," मी म्हणालो. तिच्या खांद्यावरून मला तो खोक्यात पडलेला दिसत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की कुत्रा जाणार. टाळ्या ऐकण्याच्या नादात मी त्याला माझ्याच हाताने घालवला होता. सणाचे दिवस गोडाचं खाल्लं, पण कशाची चव लागली नाही.

निघायच्या दिवशी सखुबाईने प्राप्तीच्या हातावर दही ठेवलं आणि जवळ्याच्या तोंडातही घातलं. ती विमानतळावर आली नाही. "मना काय तो कुत्रा आवडत नव्हता," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

विमानतळावर मालाच्या फाटकाशी तिथल्या साहेबांनी कागद बघितले आणि कुत्रा बाहेर काढायला सांगितला, कारण रिकामा खोका तपासायचा असतो. शेजारी कुणाचा तरी मोठा झुपकेदार कुत्रा होता. त्याला परत आत घालायला घरचे चार जण ढकलत होते आणि तो रडत होता. ते बघून जवळ्या माझ्या पायांवर येऊन बसला. सगळं अंग थरथरत होतं.

प्राप्ती त्याच्याजवळ उकिडवी बसली. कानामागे खाजवलं. मग वर माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते.

"बाबा, हा घाबरलाय. मी म्हटलं होतं, घाबरला तर नेणार नाही. तुम्ही घेऊन जा याला."

देवाशपथ सांगतो, मला आनंद झाला. इतका झाला की पोरीचं तोंड समोर असताना तिच्यासाठी वाईट वाटायचंही राहिलं. एवढा वेळ घट्ट धरून ठेवलेलं सगळं सैल झालं. त्याला मिठीत घ्यायला मी चार पावलं मागे सरकलो, गुडघे टेकले, दोन्ही हात पसरले आणि माझ्या तोंडून जे यायचं तेच आलं.

"ये रे माझ्या राजा. ये."

जवळ्याचे कान उभे राहिले. थरथर थांबली. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, वळला, आणि सरळ खोक्यात गेला. गोल फिरला. लुगड्यावर बसला. आता शाबासकी कुठे आहे, अशा नजरेने जाळीतून माझ्याकडे बघत राहिला.

"वा!" साहेब म्हणाले. त्या दुसऱ्या कुत्र्याचे घरचेही ढकलायचे थांबून बघायला लागले.

मी हात पसरून तसाच गुडघ्यांवर. उठायला कमर साथ देईना. प्राप्ती आली, तिने मला हाताला धरून उभं केलं. माझी पोरगी आहे ती, माझं तोंड ती वाचते. हळूच तिने विचारलं, "बाबा, खरं सांगा. तुम्ही त्याला बोलावलंत की आत पाठवलंत?"

जवळ्या आता घाबरलेला नव्हता. हनुवटी लुगड्यावर टेकवून तो आरामात पडला होता. प्राप्तीचा हात माझ्या हातात होता, आणि मला तिने फोनवर सांगितलेला तो दारातल्या चावीचा आवाज आठवला.

"पाठवला गो," मी म्हणालो. "बोलावला असता तर आला नसता काय?"

आणि मी वाकून जाळीच्या दाराला कडी लावली.