डोंगरात हसलेले बूट

बुटाचा सोल पुढून सुटून लोंबायला लागला, की आमच्या गावात म्हणतात, बूट हसला. घरात हसला तर हसण्यावारी न्यावं. डोंगरात हसला तर बाकी सगळ्यांची रडायची वेळ येते.

वादळ येऊन गेलं त्या आठवड्यात माझे दोन्ही बूट हसत होते आणि घरात माझी सासू, इबू म्हातारी, रडत होती. तिचा धाकटा ताहाय वर खिंडीखालच्या मुक्कामाच्या झोपडीत स्वयंपाकी होता. शहरातून डोंगर चढायला येणाऱ्यांना नूडल्स उकडून घालायचा. वादळाची खबर आली तसे पाहुणे खाली उतरले. ताहाय खिडक्यांना फळ्या ठोकून मागून येणार होता, तो आलाच नाही. वायरलेसवर आधी खरखर यायची, मग तीही थांबली. रस्ता कोसळून दरीत गेला होता, म्हणून सुटकेचं पथक पलीकडच्या गावात अडकलेलं. मेव्हणा माझा, म्हणजे जायचं मलाच. शेजारचे उमास आणि दाहू हे दोघे भाऊ सोबत येतो म्हणाले. आम्ही तिघंही हमाल. कपाळाला पट्टा लावून जन्मभर दुसऱ्यांची ओझी वर नेलेली.

पहाटे मी चुलीपाशी बूट घेऊन बसलो.

"बाहेर ओसरीवर बसा की," माझी बायको सावी म्हणाली. "घरभर वास कोंडलाय."

"बाहेर ओल आहे. ओलीत पंक्चरचं सोल्युशन धरत नाही."

सोल आणि बूट दोन्हीकडून पॉलिश पेपरनं घासून खरखरीत केले, फडक्यानं पुसले, दोन्ही अंगांना सोल्युशनचा पातळ हात फिरवला आणि थांबलो. या सोल्युशनची अट एकच, घाई करायची नाही. बोट लावावं, चिकटलं नाही की मग दाबावं. ओलं असताना दाबलं तर ते ओढ्यापर्यंत साथ देतं आणि ओढ्यात सोडतं. दाबल्यावर वरून बांधून दिवसभर तसंच ठेवायचं असतं. पण दिवसभर कुठला काढू? मी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळून बांधल्या आणि ठरवलं, पट्ट्यांसकट घालून जायचं.

शेवटची गाठ मारतोय तोच मला शिंक आली. साधीसुधी नव्हे. खुराड्यातली कोंबडी अंडी सोडून उठली आणि पुन्हा बसली नाही, असली.

आमच्यात कुणी निघायच्या वेळी घरात शिंक झाली, की जाणं रद्द. शिकार असो, लग्न असो, ओझं टाकायचं आणि घरी बसायचं. उमास आणि दाहू उंबऱ्यावर सुपारी चघळत बसले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पाठीवरचं सामान खाली ठेवलं.

"अरे, ही सोल्युशनची शिंक आहे!" मी म्हणालो. "वास नाकात गेला, त्याची."

"शिंक ती शिंक," उमास म्हणाला. "तिचं माहेर कुणी विचारत नाही."

"उद्या येतो ना आम्ही," दाहू म्हणाला. "आज आलो तर चौघांना शोधायला आणखी चौघं लागतील."

"उद्यापर्यंत तो जगेल का वर?"

सावीनं खाली मान घातली. मी सासूकडे पाहिलं. तिच्याइतकं शकुन पाळणारं माणूस गावात दुसरं नाही. ती डोळे पुसून म्हणाली, "जावईबापू, नाक काढून इथं फळीवर ठेवा वाटलं तर. पण जा."

मी एकटा निघालो.

वाट कसली उरली होती! झाडं आडवी पडलेली, जळवा पानापानावर उभ्या राहून वाट बघत होत्या. चालताना मी स्वतःच्या बुटांकडेच बघत होतो. पण खरी भीती बुटांची नव्हती. रानात आवाजच नव्हता. भेकर नाही, माकड नाही, पाखरू नाही. जन्मभर त्या रानातून ओझी नेली, पण माझाच श्वास मला इतका मोठ्यानं कधी ऐकू आला नव्हता. आणि जसजसा वर गेलो तसतसं धुकं खाली आलं.

त्या धुक्यात कोण असतं ते आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. पिवळ्या रेनकोटवाला. पूर्वी कधी तरी वरच राहून गेलेला कुणी परका. चुकलेल्या माणसाला तो पुढे चालताना दिसतो. माणूस म्हणतं, चला, सोबत मिळाली, आणि मागोमाग जातं. मग आम्ही हमाल त्याला दरीतून वर काढतो. म्हणून त्याच्या मागे जायचं नाही. आणि वर असताना नावानं हाक मारायची नाही, तो नाव ऐकून ठेवतो.

झोपडीच्या अलीकडे पाटीच्या दगडाची मोठी घसरण आहे. डोंगराची एक कूस तुटून नुसते काळे, धारदार पापुद्रे पसरलेले. पाय टाकला की दगड सरकतो, आणि खाली जे काय आहे ते धुक्यामुळे दिसत नव्हतं हेच बरं. ती घसरण मी खेकड्यासारखा पार केली. पलीकडे कड्याच्या पोटात एक कपार होती. कपारीत कुणी तरी बसलं होतं आणि अंगावर पिवळं काही तरी होतं.

मी खाली वाकून दगड चाचपला.

"दाजी!" ते म्हणालं.

मी दगड उचलला. "तू जर माझा मेव्हणाच असशील, तर तुझी बहीण तुला लहानपणी काय म्हणायची ते सांग."

"एवढ्या लांब हे विचारायला आलात?"

"सांग, नाहीतर हा दगड येतो."

"मुतऱ्या म्हणायची! झालं समाधान? आता दगड ठेवा आणि खायला द्या काही तरी."

तो ताहायच होता. अंगावर झोपडीची ताडपत्री गुंडाळलेली. मी दिलेला धुरावर सुकवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा त्यानं न चावताच गिळला. त्याचे दोन्ही बूट शेजारी पडले होते, दोन्ही जबडा वासून. सोल सुटल्यावर बुटाच्या आतल्या नुसत्या कापडावर घसरण ओलांडायला गेला होता. उजवा तळपाय पाटीनं असा कापला होता की मला तिकडे बघवेना.

"नवेच होते ना रे हे?"

"एका पाहुण्यानं दिलेले. भिजले, म्हणून शेकोटीवर वाळवले."

"शेकोटीवर? बूट होते का मक्याची कणसं?"

"ओरडू नका दाजी. आधीच थंडीनं मरतोय."

ते खरंच होतं. त्याचे ओठ निळे पडले होते, आणि बोलता बोलता त्याचे डोळे मिटत होते. आणखी एक रात्र वर काढली असती तर मी खाली प्रेतच आणलं असतं. पाठीवर घेऊन त्या घसरणीवरून जाणं शक्य नव्हतं, तिथं दोघांचं वजन एका पायावर पडलं की डोंगरच चालू लागतो. त्याला स्वतःच्या पायांनीच उतरायला हवं होतं, उजेड असेतो. मी खिशातून पॉलिश पेपर, ट्यूबच्या उरलेल्या पट्ट्या आणि सोल्युशनची नळी काढली. सकाळच्या कामात नळी बरीच चपटी झाली होती.

डावा बूट मी शर्टाच्या आत, पोटाशी धरून कोरडा केला. घासला, पुसला, सोल्युशन लावलं, थांबलो, दाबला, दगडानं ठोकला, पट्टी बांधली. नळीत आता एकाच बुटापुरतं उरलं होतं. उजवा बूट पोटाशी घेतला आणि ऊब धरायची वाट बघत बसलो.

तेव्हा तो आवाज आला.

फटक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, फटक.

आम्ही दोघांनी ओळखला. सुटलेला सोल दगडावर आपटतो तो आवाज. ताहायनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्या पायांकडे. आमचे चारी बूट आमच्या डोळ्यांसमोर होते.

"दाजी," तो कुजबुजला. दाजी म्हटलेलं चालतं, ते नाव नव्हे. "दाजी, वर बघू नका."

मी वर बघितलं नाही. मला समोर रेनकोटाची खालची किनार दिसली, पिवळी, विटलेली. पाऊस नव्हता, तरी तिच्यातून पाणी ठिबकत होतं. मग ती किनार खाली वाकली. तो आमच्यासमोर बसला, अगदी चांभारापुढे गिऱ्हाईक बसतं तसा, आणि त्यानं उजवा पाय पुढे करून माझ्या मांडीवर ठेवला.

पायाला वजन नव्हतं. गारवा मात्र असा, की माझी मांडी आजही थंडीत त्याच जागी ठणकते. बूट जुन्या घडणीचा होता, हल्ली तसले मिळत नाहीत. सोल टाचेपर्यंत सुटलेला. आत पाय होता की नाही, ते मी पाहिलं नाही, आणि तुम्हीही पाहिलं नसतंत.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हा लोकांना मागे घेऊन फिरतो ते मारायला नव्हे. त्याचा बूट वर हसला, आणि त्याला खाली उतरताच आलं नाही. एवढी वर्षं तो फक्त बूट शिवणारा शोधत होता.

"नाही म्हणा," ताहाय दात वाजवत म्हणाला. "दाजी, माझा राहिलाय अजून."

"तू सांग त्याला."

"मी कसं सांगू?"

"मग गप."

"आणि मी काय लंगडी घालत उतरू?"

रेनकोटाची टोपी हळूच ताहायच्या दिशेनं वळली. ताहायनं ताडपत्री डोक्यावरून ओढून घेतली.

मी मांडीवरच्या बुटाचा सोल घासायला घेतला. पॉलिश पेपर माझ्या हातून दोनदा पडला, आणि दोनदा तो मला उचलून दिला गेला. कुणी, ते विचारू नका. उरलंसुरलं सोल्युशन नळी पिळून पिळून लावलं. आणि आता आली थांबायची वेळ. ओलं असताना दाबून मोकळं व्हावं आणि पळावं, असं मनात आलं. पण चार पावलांवर तो पुन्हा सुटला असता, आणि मग तो परत माझ्याकडेच आला असता. म्हणून थांबलो. मांडीवर तो पाय, समोर ते ठिबकणारं पाणी, बाजूला ताहायचे वाजणारे दात. बोट लावलं, चिकटलं. पुन्हा थांबलो. धुकं काळं व्हायला लागलं होतं. बोट लावलं, अजून चिकटत होतं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा सुटलं.

दाबलं, ठोकलं, पट्टी आवळून बांधली. आणि गिऱ्हाइकाला सांगतात त्या आवाजात, खाली बघतच म्हणालो, "झालं. पण उद्या या वेळेपर्यंत उठायचं नाही. पाय टेकवलात तर पुन्हा हसेल. माझ्याकडचं सोल्युशन संपलंय."

पाय माझ्या मांडीवरून उचलला गेला आणि हळूच पुढे, कपारीत लांब करून ठेवला गेला. डोंगरात चाललेल्या माणसाला बुटाची शिस्त सांगावी लागत नाही, मेल्यावरसुद्धा.

मी माझा उजवा बूट काढून ताहायच्या जखमी पायात, चिंधी कोंबून, घातला. माझ्या पायाला ताडपत्रीचा तुकडा गुंडाळला. आम्ही घसरणीवर उतरलो. प्रत्येक पावलाला मी त्याच्या डाव्या बुटाकडे बघत होतो, तो माझ्या गुंडाळलेल्या पायाकडे. मागे कुणीच बघत नव्हतं. मधेच एकदा त्याच्या खालचे दगड सुटले. तो गुडघ्यावर आला, मी त्याची कॉलर पकडली, आणि ते दगड खाली खाली जात राहिले, थांबल्याचा आवाज काही आला नाही. पण सोल टिकला. माझ्या पायातून रक्त आलं, तरी पाय टिकला. रानाच्या कडेला पोचलो तेव्हा कुठे मी श्वास सोडला. कान मागे लावलेले होतेच. फटक नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ताहाय अंथरुणात बसून राळ्याची पेज पीत होता. पायाला पट्टी, गालावर रंग आलेला. उमास आणि दाहू लाजत लाजत येऊन बसले होते. सावी मला वाढत होती. मी सगळं सांगितलं, थोडं वाढवून. सांगायचं तर तसंच सांगावं.

"म्हणजे आता त्याची मुदत संपली असेल," सासू म्हणाली. "उठला असेल तो."

"उठू दे. आमच्या मागे नाही आला."

"कशावरून?"

"अहो, वाटभर कान देऊन होतो आम्ही. एकदासुद्धा फटक वाजलं नाही."

म्हातारीनं पेजेची वाटी खाली ठेवली. "जावईबापू, बूट तुम्हीच चिकटवलात ना? नीट?"

"माझं काम आहे ते. एकदम नीट."

"मग वाजेल कसं?"

ताहायनं दोन्ही पाय हळूच पांघरुणात ओढून घेतले. दाहूनं उंबऱ्यावरून उठून आत, चुलीपाशी जागा केली. आणि आम्ही सगळे उघड्या दाराकडे तोंड करून बसलो, ऐकत.