फासळ्यांपायी मेलेल्या माझ्या बहिणी

मित्रांनो, मी कुपीच्या तळाशी बसलेली चिमूटभर पांढरी भुकटी आहे, आणि मी रागानं धुमसते आहे.

अल्माटीच्या प्रयोगशाळेत मेरुएर्तनं मला घडवलं. माझं काम हमालीचं. धडधाकट जनुक पाठीवर घ्यायचं, स्नायूच्या पेशीत उतरवायचं आणि तिथंच विरघळून जायचं. मेरुएर्तची बहीण दानागुल, तिच्या मांड्या झिजत चालल्यात. जिना चढताना ती रडते. उंदरावर मला जमलं, तरच पुढं तिच्यासारख्यांची पाळी येणार होती.

हिवाळा लागला, इकडच्या रिवाजाप्रमाणे मांसाच्या बेगमीसाठी घरोघरी घोडे कापले गेले. आमचा साहेब बेकझात (सगळे त्याला आदरानं अगाय, म्हणजे गुरुजी, म्हणतात, मी मात्र अहो-जाहो करणार नाही) मांसाच्या पिशव्या घेऊन थेट आमच्या फ्रीझरपाशी आला.

"अगाय, तिथं माझ्या कुप्या आहेत हो!"

"अगं पोरी, घरचा फ्रीझर गच्च भरलाय. तुझं पाणी दोन दिवस टेबलावर राहिलं म्हणून काय आभाळ कोसळणार आहे?"

कोसळलं. कुप्यांतल्या माझ्या साऱ्या बहिणी टेबलावरच विरघळून मेल्या. वर हा मेला प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीला सांगतो कसा, "हिचा माल टिकतच नाही. बंद करा हे." त्याच दिवशी मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

मला मेरुएर्तनं सुकवून ठेवलं होतं, म्हणून मी वाचले. तिनं समितीकडं शेवटची संधी मागितली. माझ्यातली अर्धी भुकटी पाण्यात कालवली, तर अगायनं सुई हिसकावून घेतली. "आणा इकडं, मीच टोचतो. मग म्हणू नका, नीट टोचलं नाही." त्याच्याच हातानं मी लुळ्या उंदराच्या मांडीत शिरले. अहाहा, काय मजा आली!

काही आठवड्यांनी समिती पुन्हा आली. उंदीर ताकद तपासायच्या तारेला असा लोंबकळला की सोडेचना. एका बाईंनी विचारलं, "बाकीचा साठा दाखवा ना."

मेरुएर्तनं फ्रीझर उघडला. आत अजून घोड्याच्या त्याच फासळ्या, बर्फानं माखलेल्या.

"अगाय, हा कुठला उंदीर म्हणायचा?" बाईंनी विचारलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. कुपीत उरलेली मी पोटभर हसले.

मित्रांनो, औषधाची जागा औषधालाच ठेवा. माझ्यासारख्या नव्या भुकट्या आता घडताहेत. त्यांतली एखादी दानागुलच्या मांडीत जाईल, तेव्हा मी नसेन. अगायची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. दानागुलनं तो जिना स्वतःच्या पायांनी चढावा आणि त्याचं दार वाजवावं, एवढंच मला हवं आहे.