रिक्षात राहिलेली अन्नपूर्णा

दर सोमवारी सिद्धेश्वराचं दर्शन होईस्तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही, हा इंद्रायणीबाईंचा नेम. एरवीही त्यांचा आवाज असा, की समोर बसलेल्या माणसाला "काय म्हणालात?" असं विचारावं लागे. त्यामुळे मौन त्यांना कधी जड गेलं नव्हतं. त्या सोमवारी गेलं.

देवळाजवळ रिक्षातून उतरल्या, एका हातात परडी, दुसऱ्यात तांब्या. रिक्षा पुढं सरकली आणि त्यांच्या लक्षात आलं. पिशवी सीटच्या मागंच राहिली होती. पिशवीत मोबाइल होता, त्याचं काही नाही. पण मऊ कापडात गुंडाळलेली अन्नपूर्णा होती! त्यांच्या आईनं लग्नात दिलेली, आईला तिच्या आईनं. उद्या त्यांची लेक निवेदिता हीच अन्नपूर्णा पुढ्यात घेऊन गौरीहर पुजायला बसणार आणि सासरी नेणार. मूर्तीच्या हातातल्या तुटक्या पळीला कालच सराफाकडून डाख लावून आणला होता. आज देवाच्या पायांशी ठेवून घरी न्यायची, एवढंच तर काम होतं.

परडी-तांब्या तिथंच टाकून त्या धावल्या. हात हलवले. त्यासरशी भलत्याच तीन रिक्षा येऊन उभ्या राहिल्या.

"कुटं जायचं, अम्मा?"

त्यांनी जाणाऱ्या रिक्षाकडं बोट दाखवलं. मग एक हात ओंजळीसारखा धरून दुसऱ्यानं पळी ढवळल्यासारखं करून दाखवलं.

"उपाशी हाय वाटतं बिचारी," कुणीतरी म्हणालं. एका बाईनं घाईघाईनं त्यांच्या हातात केळं कोंबलं.

"मुकी हाय व्हय?"

"मुकी कशाची!" बेलफुलं विकणारी राजाबाई उठून आली. "अवो, बाईंचं सोमवारी मौन असतंय. बाई, काय झालं? चोरी झाली?"

इंद्रायणीबाईंनी मान हलवली, नाही.

"मग पोरगी हरवली?"

यावर मात्र, उद्या सासरी जाणारी लेक आठवून, त्यांची मान नाही म्हणता म्हणता अर्धवटच थांबली.

"अगं बया! पोरगी हरवली वो बाईंची!"

झालं. माणसं धावली, पोलिसानं शिट्टी फुंकली, कुणी विचारलं फ्रॉकचा रंग कुठला. आणि तिकडं रिक्षा कोपऱ्यावर वळायला लागली.

"अहो रिक्षावाले! थांबा! माझी अन्नपूर्णा!"

राजाबाईच्या हातातला हार खाली पडला. हा आवाज कुणाचा, म्हणून खुद्द इंद्रायणीबाईंनीही मागं वळून पाहिलं. तोवर उभ्या रिक्षांमधून हाका सुटल्या होत्या, "ए आसिफ! आसिफ, थांब की!"

आसिफनं रिक्षा वळवून आणली. "काय ओ मावशी, एवढा मोठा आवाज हाय तुमचा! मघाशी भाडं विचारलं तर नुसती बोटं दाखवली. मला वाटलं, रागावलात." त्यानं मागून पिशवी काढून दिली. "बघून घ्या आधी."

त्यांनी कापड सोडलं. पळी जागच्या जागी होती.

"लेकीची आहे. उद्या लग्न आहे तिचं."

"मग जेवायला येतो की!"

"या ना. घरच्यांना घेऊन या," त्या मनापासून म्हणाल्या आणि मग एकदम गप्प झाल्या.

"आता गप्प बसून काय उपयोग?" राजाबाई हसत परडी उचलून तीत बेल भरू लागली. "मौन गेलं की वो, बाई."

"गेलं," इंद्रायणीबाई म्हणाल्या. चुटपुट लागेल असं त्यांना वाटलं होतं. लागली नाही.

गाभाऱ्यापाशी त्यांनी अन्नपूर्णा कापडावर बसवली, हात जोडले. दर सोमवारी दर्शन झालं की देवाला सांगायला कितीतरी असायचं. आज सगळं भर रस्त्यात सांगून झालं होतं. नैवेद्याला काय, म्हणून पाहिलं, तर मघाचं केळं परडीत बेलाखाली होतं, जरा चेपलेलं. तेच त्यांनी सोलून अन्नपूर्णेपुढं ठेवलं.