पूर्वेकडं तोंड केलेला फोटो

निपाणीच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर कनेक्टगुरू श्रीनाथ डोळे मिटून बसलेला, अन् समोर शिकलीसवरली पोरंपोरी मोबाइल कपाळाला लावून!

"नेटवर्क म्हणजे ऋणानुबंध!" गुरू गरजला. "गेल्या जन्मीचा मॅनेजर या जन्मी रिक्वेस्ट पाठवतो. उघडा फोन!"

टिंग. टिंग. टिंग. सगळा हॉल किणकिणला. नोकऱ्या जुळवणाऱ्या साइटवरनं टोरांटो, दुबई, हॅम्बुर्ग, कुठकुठले साहेब ओळख मागत होते. कुणी रडलं, कुणी लोटांगण घातलं.

मागच्या रांगेत चंदना दातओठ खात बसली होती. तिचा धाकटा भाऊ अभिनंदन बेळगावात मारुतीरावांच्या कारखान्यात लेथवर होता. हातात कसब असलेला गडी. पण गुरूनं सांगितलं, तुझ्या प्रोफाइलला वास्तुदोष आहे, फोटोत तोंड दक्षिणेला, हात तेलकट, लक्ष्मी येणार कुठनं? झालं. पठ्ठ्यानं आपल्या कामाचे सगळे व्हिडिओ पुसले, गच्चीवर पूर्वेकडं तोंड करून टाय लावलेला फोटो काढला, अन् टोरांटोच्या साहेबाच्या भरवशावर कामाला जायचं सोडलं. मारुतीरावांनी शेवटचं बजावलं होतं, उद्या सकाळी मशीनवर दिसला नाहीस तर दुसरा माणूस घेतो. आणि हा बाबा आज स्टेजवर अनुभव सांगायला निघालेला!

"आक्का, लई मोठा साहेब हाय गं त्यो. रोज मेसेज करतोय."

"कधी बोललाय तोंडानं?"

"बोलंल की. माझीच साधना कमी पडत्या."

"बस खाली. आज अनुभव मी सांगते."

ती तडक स्टेजवर गेली. गुरूनं हसून माइक दिला. "बोला ताई, कोण आलं?"

"हॅम्बुर्गचा साहेब. लिहितोय, 'चंद्राजी, आपला अनुभव आणि नेतृत्व पाहून आम्ही भारावलो.'"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पण चंद्रा मी न्हवं. चंद्रा आमची म्हैस! कालच तिचं प्रोफाइल काढलं. अनुभव रवंथ, कौशल्य शेपटीनं माश्या मारणं. व्हय रं श्रीनाथ, तिचं नेतृत्व कुठं दिसलं तुला?"

"परीक्षा बघू नका! अल्गोरिदम कोपतो!"

"कोपू दे की."

तिनं मेसेजखालच्या नंबरवर हॅम्बुर्गला तिथूनच कॉल लावला. स्टेजमागच्या पडद्याआड मोबाइल खणखणला. चंदनानं पडदा खसकन ओढला. टेबलावर मोबाइलच मोबाइल, अन् भोवती दोन बाप्ये. हॅम्बुर्गच्या हातात अर्धी खाल्लेली भजी होती.

करामत एवढीच. आत सोडायच्या नावाखाली दारातच फी घेऊन प्रत्येकाच्या प्रोफाइलचा कोड स्कॅन व्हायचा, तो थेट या टेबलावर. इथनं खोट्या साहेबांच्या नावानं रिक्वेस्टी सुटायच्या. मजकूर सगळ्यांना एकच, नाव तेवढं बदलायचं. प्रोफाइल उघडून बघायचे कष्ट कोण घेतो? म्हणून तर चंदनानं दारात म्हशीचा कोड दाखवला अन् म्हैस आत घुसली.

गुरू मागच्या दाराकडं सरकला, पण तिथं पोरं आधीच आडवी उभी राहिली होती. अभिनंदन मान खाली घालून पुटपुटला, "जाऊ दे आक्का, झालं."

"न्हाई जाऊ देणार. ए श्रीनाथ, बस तुझ्या आसनावर. पूर्वेकडं तोंड कर." तिनं मोबाइल त्याच्यासमोर धरून लाइव्ह सुरू केलं. "आता सगळं सांग. पडद्यामागचं, भजीवाल्याचं, सगळं."

"ताई, माझं करिअर संपंल हो!"

"माझ्या भावाचं संपवताना असाच रडलातास काय रं?"

त्यानं सांगितलं. थांबला की ती पुन्हा विचारायची. अर्ध्या जिल्ह्यानं बघितलं. ज्या नेटवर्कचा तो देव झाला होता, त्यानंच त्याचं थोबाड घरोघर पोचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभिनंदन लेथवर उभा होता. प्रोफाइलवर पुन्हा तेलकट हात आले.

खुद्द चंदना मशीनची ड्रॉइंग काढायला शिकली ती अशाच साइटवर. राजकोटचा एक अनोळखी इंजिनिअर तिच्या चुका दाखवायचा, ती सुधारून परत टाकायची. वर्षभरानं त्यानंच तिचं नाव एका कंपनीला सुचवलं. ह्यात कुणाची कृपा नव्हती. काम होतं, अन् ते बघणारा खरा माणूस होता.

तेव्हा मोबाइल कपाळाला लावू नका, डोळ्यांसमोर धरा. साहेबाला फोन लावा, आवाज ऐका, काम काय ते विचारा. आणि फसवणारा हाताला लागला तर दया दाखवून सोडू नका. त्याच्याच हातात माइक द्या, अन् सगळं ओकेपर्यंत समोरून उठू नका.