पणजीची फाटकी चटई

माझा मुलगा तेविता ट्रक मागे घेत होता, आलेसाना नावाचा पोरगा चाकाखाली आला आणि जागच्या जागी गेला. दारू नाही, भांडण नाही, माझ्या गाढवाने नुसतं मागे बघितलं नाही. पण ज्यांचं माणूस गेलं त्यांना त्याचं काय? आलेसानाचे चुलते कोयते घेऊन आमचं घर शोधत होते.

शेजारची इआनेता म्हणाली, "उजाडायच्या आत त्यांच्या अंगणात जाऊन बसा. डोक्यावर घरातली सगळ्यात मोलाची चटई घ्या. त्यांनी ती उचलली तर माफ केलं. नाही उचलली, तर मला विचारू नका."

चौदा वर्षं सामोआत काढली मी. पण जीव टांगणीला लागला की बाई माहेरचंच बघते. पेटीतून पणजीच्या लग्नातली चटई काढली. केवड्याच्या पातीची, विरलेली, चार ठिकाणी फाटलेली. आमच्या टोंगात चटई कमरेला नेसतात, आणि ती जितकी जुनी तितका तिचा मान मोठा.

तेविताला घेऊन अंधारातच त्यांच्या अंगणात जाऊन बसले. ऊन चढलं. चटईखाली आम्ही दोघं घामाने निथळत होतो. बाहेर कुणीतरी म्हणालं, "फाटकं आणलंय बघा. आपल्या पोराची एवढीच किंमत."

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. इथे देतात ती नवी, रेशमासारखी मऊ. माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती? एक दगड गुडघ्याशी येऊन पडला.

"आई, पळूया."

"गप बस. हललास तर मीच मारीन तुला."

मग काठीचा आवाज आला. आलेसानाला लहानाचं मोठं करणारी त्याची आजी, पालेपा.

"काय गं टोंगावाली, आमच्या मेलेल्या पोराची थट्टा करायला आलीस?"

"नाही हो आजी. आमच्यात हीच सगळ्यात मोठी. लग्नात हीच नेसले, आईला पुरलं तेव्हाही हीच. याहून मोलाचं माझ्याकडे काही नाही. हा एक मुलगा सोडला तर."

तिची बोटं चटईच्या काठावरून फिरत होती, माझ्या डोक्याला लागत होती.

"विणली कुणी?"

"पणजीच्या आईने. पणजी सामोआचीच, आजी. इथून टोंगाला दिलेली."

"इतकी बारीक पात आता कुणाला काढता येत नाही," ती पुटपुटली. "माझ्या आजीचा हात असा होता. एवढी वर्षं जपलीत?"

"जपली. नेसून नेसून फाटली."

"आई, उचलू नकोस," एक चुलता ओरडला.

तिने उचलली. डोळ्यांवर एकदम ऊन आलं. ती तेविताच्या तोंडाकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

"ह्याच्याएवढाच होता," ती म्हणाली. "ही मी नेते. त्याला हिच्यात गुंडाळायचंय."

मी मान हलवली, पण एक कोपरा माझ्या मुठीत तसाच राहिला. बोटं उघडेचनात.

"सोड गं बाई," पालेपा म्हणाली. "तुझा चाललाय ना घरी."