अण्णांच्या आडव्या रेघा

गैरहजर! सत्त्याण्णव साली साताऱ्याच्या नर्सिंग प्रशिक्षण केंद्राच्या बोर्डावर माझ्या नावापुढं हा शब्द वाचला आणि माझं डोकंच फिरलं. परीक्षेला मी पहिल्या बाकावर बसले होते. औंधला घरी ठरलेलं होतं, नर्सिंगला नंबर लागला तर ठीक, नाहीतर वैशाखात लग्न. मुलगाही बघून ठेवला होता.

मी तडक ऑफिसात शिरले आणि पर्यवेक्षकांची सही असलेलं हॉलतिकीट टेबलावर आपटलं. "मी गैरहजर, तर ही सही काय भुतानं केली व्हय?"

कॉम्प्युटरवरच्या फिरदोस मॅडम मूळच्या सांगलीच्या. चिडायचं सोडून त्यांनी खुर्ची पुढं केली. "बस आधी. एन एकशे चौदा ना?"

अर्जांची यादी एक, गुणांची दुसरी. दोन्हींत नंबर जुळला की गुण यायचे, नाही जुळला की कॉम्प्युटर 'गैरहजर' लिहायचा. माझा नंबर दोन्हींत होता. पण अर्जांच्या यादीत त्याच्या मागंपुढं आडव्या रेघा होत्या, त्यामुळं कॉम्प्युटरला तो वेगळाच नंबर वाटला. एकूण चाळीस नंबरांना तशाच, कुठं दोन, कुठं पाच.

शेजारच्या टेबलावरचे अण्णा उठून आले. तहसील कचेरीतून निवृत्त होऊन ते इथं लागले होते. मॅडम भावाच्या लग्नाला गेल्या तेव्हा शेवटच्या दिवसाचे चाळीस अर्ज त्यांनीच टाइप केले होते.

"रेघा मी मारल्या, पोरी. मोकळी जागा सोडली की मागनं कुनीबी कायबी घुसडतंय. तीस वर्सं हेच केलं. तुमचा नंबर कुनी बदलू नये म्हनून..."

"चूक माझीही आहे अण्णा," मॅडम म्हणाल्या. "एका दिवसाच्या चाळीसही मुली गैरहजर कशा, हे मला खटकायला हवं होतं."

बाजूच्या रिकाम्या रकान्यात त्यांनी सूत्र लिहिलं. रेघेच्या जागी काहीच नको, त्याला सबस्टिट्यूट. कडेची मोकळी जागाही छाटायची, त्याला ट्रिम. पहिल्या ओळीत लिहिलं आणि खालीपर्यंत ओढलं. रेघा गेल्या, नंबर तेवढे उरले. मग पुन्हा जुळवणी केली, आणि माझ्यापुढं एकाहत्तर गुण आले. मी चौथी! मी सरळ मॅडमच्या गळ्यात पडून रडले.

"आनि बाकीच्या पोरी?" अण्णांनी विचारलं. त्या चाळिसांतल्या आम्ही नऊ जणी पास होतो. आठ जणी बोर्ड बघून घरी गेल्या होत्या. अण्णांनी लगेच सात तारा केल्या आणि आठवीकडं, उंब्रजच्या राहीबाईकडं, तर स्वतः एसटीनं गेले. तिच्या घरी दुसऱ्याच दिवशी सुपारी फुटायची होती.

मी पुढं मॅडमच्या सांगलीलाच नर्स झाले. केसपेपरवर औषध दिल्याची नोंद केली की उरलेली जागा आडवी रेघ मारून बंद करते. नव्या पोरी हसतात. हसू देत. माझं आयुष्य रेघा पुसणाऱ्या बाईनं वाचवलं, तिचे उपकार फिटायचे नाहीत. पण त्या रेघा मारणारा म्हातारा माझीच राखण करत होता, हे मी कसं विसरू?