ओलांडणाऱ्यांची मोजणी

हमरापूरजवळ महामार्ग रुंद झाला, तेव्हा पुतळीचं गाव एका अंगाला राहिलं आणि गणपतीचे कारखाने दुसऱ्या. पुतळी आणि तिची धाकटी जाऊ शकू तिथं मूर्ती रंगवायच्या. रोज चार पदर जीव मुठीत धरून ओलांडायचे. दोन वर्षांत गावातली तीन माणसं तिथं गाडीखाली गेली. गावानं पादचारी पूल मागितला. उत्तर आलं, ओलांडणारे फार कमी आहेत.

"कमीच असणार! भ्यालेली माणसं घरात बसल्यात," शकू म्हणाली.

पुतळीनं महामार्गाच्या ऑफिसात इतक्या खेपा घातल्या, की शेवटी पुन्हा मोजणी ठरली. आदल्या दिवशी ती घरोघर फिरली. "सगल्यांनी यायचं. चार-चारदा ओलांडा, पण आकडा भरला पायजे."

सकाळी सहाला ऑफिसानं मोजणीला पाठवलेली मृणाली नावाची मुलगी कडेला खुर्ची टाकून बसली. गाव येत-जात राहिलं. दहाच्या सुमारास शकू गुडघा चोळत खाली बसली.

"माझ्या चार फेऱ्या झाल्या गो. आता नाय होत."

"अजून एकच मार," पुतळी म्हणाली. "येकेक माणूस लागतंय."

शकू उठली. दुभाजकापर्यंत नीट गेली. पलीकडे एका ट्रकनं वेग कमी केला, म्हणून तिनं पाऊल टाकलं. ट्रकच्या आडून गाडी आली.

पेणचा दवाखाना यायच्या आधीच, पुतळीच्या मांडीवर शकू गेली.

तिची लेक पूजा रोह्याहून आली. रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "काकी, आईला तू उठवलंस?"

"व्हय," पुतळी म्हणाली. दिवसकार्य होईपर्यंत पूजा तिच्याशी बोलली नाही.

महिन्याभरानं मृणाली घरी आली. अपघातानं वाहतूक थांबली, म्हणून मोजणी रद्द झाली होती. पुन्हा करावी लागणार होती.

"त्या अर्ध्यावरच होत्या, मावशी," ती खाली बघत म्हणाली. "तरी मी त्यांना मोजलं होतं."

पुतळीनं चपला घातल्या आणि पहिल्या घराची कडी वाजवली. या वेळी ती कुणाला चार-चारदा या म्हणाली नाही. "जमंल त्यानंच या," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या मोजणीला पोलिसांनी दोन्ही बाजूंना बॅरिकेड लावले. गाड्या सरपटत जात होत्या. वर्षभर उंबरा न ओलांडलेली म्हातारी माणसं काठी टेकत पलीकडे जाऊन आली. पूजाही रोह्याहून आली होती. तिनं पुतळीचा हात धरला आणि दोघी ओलांडत राहिल्या.

संध्याकाळी सहाला मृणालीनं वही मिटली. "सातशे बेचाळीस. बहुतेक पूल मंजूर होईल."

"कधी व्हईल?"

"दोन वर्षं तरी लागतील."

पोलिसांनी बॅरिकेड टेम्पोत भरले आणि ते निघून गेले. पुतळी आणि पूजा तेव्हा कारखान्यांच्या बाजूला होत्या. घर पलीकडे. गाड्यांनी पुन्हा वेग धरला. पुतळीनं पाऊल उचललं, तशी पूजानं तिला दंडाला धरून मागं ओढलं.

"थांब काकी. अजून नको."

दोघी कडेला उभ्या राहिल्या.